कालन्याचा घाट

कलकत्त्याहून हुगळीने वर निघालेली पर्यटनाची बोट सुरुवातीचा बराच वेळ युरोपीय वखारींच्या गावांवरून जाते. श्रीरामपूर डेन्मार्कचं, चंदननगर फ्रेंचांचं, चिनसुरा डचांचं, बंडेल पोर्तुगीजांचं. डचांनी चिनसुरा १८२५ मध्ये इंग्रजांच्या हवाली केलं, डेन्मार्कने श्रीरामपूर १८४५ मध्ये विकून टाकलं, आणि चंदननगरावर तर १९५० पर्यंत फ्रेंच अंमल होता. ही गावं कशी पाहायची हे आता ठरून गेलं आहे : आधी चर्च, मग कचेरी, मग दफनभूमी, मग नदीकाठचा रस्ता आणि परत बोट. पुढे कारखान्यांच्या चिमण्या मागे पडतात, वीटभट्ट्या लागतात, काठावर केळी आणि ताग दिसू लागतो, आणि पूर्व बर्धमान जिल्ह्यातलं कालना येतं. देवीच्या नावावरून त्याला अंबिका कालनाही म्हणतात. बोटीच्या कार्यक्रमात त्याच्या वाट्याला एक सकाळ असते. नवद्वीप आणि मुर्शिदाबाद ही मोठी नावं पुढे असतात, त्यामुळे बरेच प्रवासी कालन्याकडे वाटेतला थांबा म्हणूनच पाहतात.

मला मात्र या साऱ्या जलप्रवासात सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो कालन्याने, आणि तो का लावला ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

नदीवरच्या लहान बंदराचं नशीब त्याच्या हातात नसतं. व्यापार कुठल्या वाटेने जाणार, लोखंडी रूळ कुठून टाकायचे, धरणातून किती पाणी सोडायचं, फौजा कुठल्या महिन्यात निघणार, हे सगळं दुसरीकडे ठरतं. लंडनमध्ये, दिल्लीत, कलकत्त्यात ठरतं, आणि एके काळी ते नागपुरात आणि पुण्यातही ठरत होतं. कालन्यासारख्या गावाला कुणी विचारत नाही. त्याच्या अंगावर फक्त परिणाम येऊन पडतात. म्हणून इतिहासाची जमेची बाजू राजधान्यांत पाहावी आणि खर्चाची बाजू पाहायची असेल तर अशा गावी उतरावं.

आमची बोट प्रवाहात नांगरून राहिली आणि लहान होडीने आम्हाला काठाला आणलं. घाटावर आमच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, कारण घाटाला त्याची स्वतःची कामं होती. समोरच्या तीरावर नदिया जिल्हा, तिथे नृसिंहपूरचा घाट आणि त्यापलीकडे साड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शांतिपूर. या दोन काठांमध्ये दिवसभर नावा चालतात. भुटभुटी म्हणतात तशा इंजिनाच्या होड्या तर आहेतच, पण मी पाहत राहिलो तो मालमोटारी नेणारा तराफा. लाकडी फळ्यांवरून मालाने भरलेली गाडी इंच इंच पुढे सरकते, खाली उभा असलेला पोरगा हाताने खुणा करत ओरडतो, पुढची चाकं तराफ्यावर चढतात तसा सबंध तराफा एका अंगाला कलतो, आणि सायकली धरून उभी असलेली माणसं, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, दप्तर पाठीला लावलेली मुलं, सगळी आपापला तोल सावरून पुन्हा बोलत राहतात. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पण भीती वाटावी असं इथे घडलेलं आहे. मे २०१६ मध्ये उत्सवाहून परतणाऱ्या लोकांनी खचाखच भरलेली नाव याच घाटाजवळ रात्री उलटली आणि माणसं बुडाली. नदी ओलांडणं हा आमच्यासाठी आनंदाचा भाग होता. कालन्याच्या माणसाला बाजार, शाळा आणि दवाखाना त्या पाण्यापलीकडे असू शकतो.

कालना बंदर म्हणून वाढलं ते बर्धमानच्या राजघराण्यामुळे. हे घराणं मूळचं लाहोरकडचं खत्री; व्यापाराच्या निमित्ताने बंगालमध्ये आलं आणि पाहता पाहता प्रांतातलं सर्वांत मोठं जमीनदार घराणं झालं. बर्धमान शहर दामोदर नदीजवळ, आणि दामोदर म्हणजे पावसात पूर आणि एरवी वाळू. व्यापाराला आणि धर्माला दोन्हीला गंगा हवी, ती कालन्याला मिळाली. इथे राजघराण्यातली माणसं स्नानाला येत, अखेरच्या दिवसांत गंगाकाठी आणली जात, आणि त्यांच्यामागून तांदूळ, मीठ, कापड यांची ये-जा चाले. महाराजा तेजचंद्रांनी १८३१ च्या सुमारास बर्धमानपासून कालन्यापर्यंत पक्का रस्ता बांधला आणि वाटेत ठरावीक अंतरावर तळी आणि विश्रामगृहं केली. कलकत्त्याहून कालन्यापर्यंत आगबोटी चालू लागल्या. रस्ता, नदी आणि राजाश्रय तिन्ही एकत्र आले म्हणजे गावाला आणखी काय लागतं?

पण पंचवीस वर्षांच्या आत आगगाडी आली. हावड्याहून हुगळीपर्यंत ती १८५४ मध्ये सुरू झाली आणि १८५५ मध्ये बर्धमानवरून थेट राणीगंजपर्यंत गेली. ती निघाली होती राणीगंजच्या कोळशासाठी. कालन्याचं वाईट करावं असं कुणाच्या मनात नव्हतं. कालना त्यांच्या वाटेत नव्हतं, एवढंच. बर्धमानचा माल आता दोन-तीन दिवसांचा रस्ता आणि नदी सोडून थेट कलकत्त्याला पोचू लागला आणि तेजचंद्रांच्या नव्याकोऱ्या रस्त्याचं महत्त्व उतरलं. कालन्याला स्वतःचं स्थानक मिळायला १९१३ साल उजाडावं लागलं. तोवर बाजार दुसरीकडे बसला होता.

नदीचीही तीच कथा. भागीरथीच्या मुखाशी गाळ साचतो ही तक्रार जुनी आहे. १६६६ मध्ये तावेर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहून गेला आहे की सुतीजवळ वाळूचा दांडा आडवा आल्यामुळे त्याच्यासोबतच्या बर्निएला नाव सोडून खुश्कीने जावं लागलं. कलकत्ता बंदर गाळाने बुजू लागलं तेव्हा स्वतंत्र भारताने फरक्का इथे सव्वादोन किलोमीटरचा बंधारा बांधला, सुमारे ३८ किलोमीटरचा कालवा खणून गंगेचं पाणी भागीरथीत वळवलं, आणि १९७५ मध्ये ते सुरू झालं. आमच्यासारख्या बोटी उन्हाळ्याच्या तोंडालाही वरपर्यंत जाऊ शकतात त्या या पाण्यामुळे. हे पाणी कलकत्त्याच्या नावाने सोडलं जातं आणि कालन्यासमोरून नुसतं जातं. त्याच पाण्यावरून बांगलादेशाशी वाद झाला, १९९६ मध्ये करार झाला. त्या वाटाघाटींच्या मेजावर भागीरथीकाठच्या एखाद्या लहान घाटाची आठवण निघाली असेल असं मला वाटत नाही.

घाटापासून टोटोत बसलं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, की काही मिनिटांत राजबाडीच्या मंदिरांपाशी पोचता येतं. रस्त्याच्या एका बाजूला राजवाड्याच्या आवारातली मंदिरं आणि दुसऱ्या बाजूला एकशे आठ शिवमंदिरांची दोन वर्तुळं. ही १८०९ मध्ये तेजचंद्रांनी बांधली. बाहेरच्या वर्तुळात ७४ आणि आतल्या वर्तुळात ३४ देवळं. बाहेरच्या देवळांत एक पिंडी काळी, पुढची पांढरी, पुन्हा काळी; आतल्या वर्तुळात साऱ्या पांढऱ्या. जपमाळेचा हा नकाशा आहे असं सांगतात. आत उभं राहिलं की सगळीकडून सारखीच दारं दिसतात आणि आपण कुठून आलो ते क्षणभर कळत नाही. छायाचित्रं काढायला ही जागा फार चांगली आहे आणि बोटीवरची बहुतेक मंडळी इथेच रमली.

माझे पाय राजबाडीच्या आवारात जास्त रेंगाळले. बंगालच्या या भागात दगड नाही. नदीने आणून टाकलेला गाळ हीच इथली खाण, आणि त्या गाळाच्या विटा भाजून कारागिरांनी जे केलं ते जवळ जाऊनच पाहावं लागतं. १८४९ मधलं प्रतापेश्वराचं देऊळ लहानसं आहे, पण त्याच्या भिंतीवर हाताचा पंजा ठेवायलाही कोरी जागा नाही. मातीच्या एकेका फरशीत राम-रावणाचं युद्ध आहे, कृष्णलीला आहेत, मृदंग वाजवणारी माणसं आहेत. एका फरशीवर बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्याचे नाक-डोळे शाबूत होते आणि कारागिराने ओल्या मातीत काडीने काढलेल्या केसांच्या रेघाही मोजता येत होत्या. भाजल्यानंतर ती रेघ पावणेदोनशे पावसाळे टिकली.

या प्रतापेश्वराच्या नावामागे एक विलक्षण प्रकरण आहे. तेजचंद्रांचा मुलगा प्रतापचंद १८२१ मध्ये आजारी अवस्थेत कालन्याच्या गंगाकाठी आणला गेला आणि वारला असं जाहीर झालं. पुढे १८३० च्या दशकात एक साधू आला आणि मीच तो प्रतापचंद म्हणू लागला. लोक त्याच्या मागे गेले, १८३८ मध्ये तो नावांचा ताफा घेऊन कालन्याला आला, कंपनी सरकारने गोळीबार केला, खटला चालला आणि तो तोतया ठरला. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची हकिकत ज्यांनी वाचली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. संजीवचंद्र चट्टोपाध्यायांनी त्यावर पुस्तक लिहिलं. घाटावर तेव्हा कोण कोण उभं होतं आणि कोणाला गोळी लागली, हे मात्र राजघराण्याच्या वारसाच्या प्रश्नात मागेच राहून गेलं.

याच आवारात पंचवीस-पंचवीस शिखरांची दोन देवळं आहेत. एक लालजीचं, १७३९ मधलं, राजा कीर्तिचंदांच्या आई ब्रजकिशोरी देवींनी बांधलेलं. त्याच्या भिंतींवर शिकारीची दृश्यं, घोडे, हत्यारबंद माणसं आहेत. दुसरं कृष्णचंद्राचं, राजा तिलकचंदांच्या काळात १७५१ च्या सुमारास उभं राहिलेलं. शैली तीच, शिखरांची संख्या तीच. देवळांबाहेरच्या माहितीफलकावर ही सालं वाचली आणि मी थबकलो. १७३९ आणि १७५१. मधली वर्षं कोणती, हे मराठी माणसाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

१७४२ च्या वसंतात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालमध्ये उतरले. बर्धमानजवळ त्यांनी नबाब अलीवर्दी खानाला घेरलं. नबाब कसाबसा कटव्यापर्यंत पोचला. मे महिन्यात नबाबाची बाजू सोडून मराठ्यांना मिळालेल्या मीर हबीबच्या सल्ल्याने मराठा स्वारांनी मुर्शिदाबादच्या उपनगरात जाऊन सावकार जगत्‌शेठची कोठी लुटली. नंतर कटवा हेच त्यांचं मुख्य ठाणं झालं. कालन्याहून वर, अजय नदी जिथे भागीरथीला मिळते तिथलं हे बंदर. त्या साली भास्करपंतांनी जवळच्याच दाईंहाटला दुर्गापूजा मांडली, जमीनदारांकडून वर्गणी गोळा केली. पूजेचे दिवस संपायच्या आतच, २७ सप्टेंबरच्या पहाटे, अलीवर्दीने नदी उतरून छापा घातला आणि फौज उधळली. पुढच्या वर्षी रघूजी स्वतः आले. त्याच वेळी अलीवर्दीच्या मदतीला नानासाहेब पेशवे आले आणि त्यांनी त्याबद्दल २२ लाख रुपये घेतले. एकाच छत्रपतींच्या दोन सरदारांच्या फौजा एकमेकींविरुद्ध बंगालच्या रयतेच्या शेतांतून धावल्या. ३१ मार्च १७४४ रोजी अलीवर्दीने भास्कररामांना तहाच्या बोलण्यासाठी मानकरा इथल्या छावणीत बोलावलं आणि त्यांच्या सरदारांसह दगा करून मारलं. स्वाऱ्या त्यानंतरही चालूच राहिल्या. १७५१ मध्ये तह झाला, ओरिसा मराठ्यांकडे आला आणि बंगालची चौथाई वर्षाला १२ लाख रुपये ठरली.

माझ्या शाळेच्या पुस्तकात यातलं एकच वाक्य होतं : मराठ्यांनी बंगालपर्यंत चौथाई वसूल केली. मोठेपणी वाचलेल्या पुस्तकांत भास्कररामांच्या दग्याने झालेल्या खुनाबद्दल संताप होता, आणि तो योग्यच होता. पण १७४२ च्या त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बर्धमानच्या गावांचं काय झालं, हे मला कुठल्या मराठी पुस्तकाने सांगितलं नाही. ते सांगितलं गंगारामाने.

गंगाराम हा त्या काळातला बंगाली कवी. त्याच्या काव्याचं नावच ‘महाराष्ट्र पुराण’, आणि हाती आलेल्या पोथीवर १७५१ च्या सुमाराची तारीख आहे. त्याची सुरुवात मराठ्यांच्या निंदेने होत नाही. पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून शंकराने नंदीला शाहू राजाच्या देहात जायला सांगितलं, शाहूने रघूजीला आणि रघूजीने भास्कराला पाठवलं, अशी तो मांडणी करतो. म्हणजे मराठे आधी देवाचे दूत म्हणून येतात. मग तो पळणाऱ्या लोकांची रांग दाखवतो. पंडित पोथ्या काखेला मारून निघालेत, सोनार तराजू घेऊन, कासार तांब्यापितळेची भांडी घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्या बायका कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या त्या डोक्यावर बोचकी घेऊन उन्हात चालल्यात, गरोदर बायका वाटेतच बाळंत होताहेत. बर्गी कुठे पाहिलेत का, असं लोक एकमेकांना विचारतात. पाहिलं कुणीच नाही, पण सगळे पळताहेत म्हणून सगळे पळतात. आणि मग ते खरोखर येतात. रुपये मागतात, नाही म्हणणाऱ्याला पाण्यात बुडवतात, नाक-कान कापतात, बायकांवर अत्याचार करतात, गावांना आगी लावतात. शेवटी देवीच भास्करावर कोपते आणि त्याची बाजू सोडते. ज्याला देवाने पाठवलं त्याच्यावरून देवाने हात काढून घेतला, कारण त्याने निरपराध माणसं मारली. एका खेडूत कवीने लिहिलेला याहून न्यायी निकाल मला माहीत नाही.

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगाली आयांनी तो अंगाईगीतात ठेवला आहे. त्या गीतात मूल निजतं, बर्गी येतात, आणि सारा कशाने भरायचा असा प्रश्न उरतो. कालन्याला माखा संदेश नावाची मिठाई फार छान मिळते. ती घेताना दुकानदाराने कुठून आलात म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तो मनापासून हसला आणि आत बसलेल्या आईला हाक मारून म्हणाला, “मा, बर्गी आले आहेत बघ.” म्हातारीही हसली, आणि वर थोडा संदेश पानावर घालून म्हणाली, “खा बाबा, आता तुम्ही पाहुणे.” त्यात राग नावालाही नव्हता. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर राग कशाला असेल? पण आठवण होती, आणि ती माझ्याकडे नव्हती, हे मला लागलं.

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं : त्या काळी सगळेच असं करत. हे खरं आहे. अलीवर्दीच्या फौजेनेही रयतेला सुखात ठेवलं नव्हतं. पण आपल्याच इतिहासात याहून कठोर मोजमाप आहे. चिपळूणजवळ छावणी असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र मराठी माणसाला ठाऊक असतं. दाणा, गवत, लाकूड, भाजी, काहीही रयतेकडून हिसकावून घेऊ नका, बाजारातून विकत घ्या, नाही तर लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे; असा त्याचा आशय. हे पत्र आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. मग शंभर वर्षंही झाली नसताना कटव्याच्या छावणीतून निघालेल्या स्वारांना तेच माप लावायला आपण का कचरावं? भास्कररामांच्या फौजेने ती आज्ञा मोडली, असं म्हणणं म्हणजे मराठ्यांची निंदा करणं नव्हे. ती आज्ञा आपण मनापासून मानतो याचा तोच पुरावा आहे.

ओरिसाचं चित्र वेगळं आहे आणि तेही सांगायला हवं. तिथे १८०३ पर्यंत मराठ्यांचा अंमल राहिला. पुरीच्या जगन्नाथाच्या दारातला अरुणस्तंभ कोणार्कहून त्याच काळात आणून उभारला गेला. ज्या प्रांतात राहायचं होतं तिथे व्यवस्था लागली. ज्यातून नुसती वसुली न्यायची होती तिथे राख राहिली.

बंगालने आपल्या बाजूने महाराष्ट्राशी जोडणारा पूल केव्हाच बांधायला घेतला होता. सखाराम गणेश देउस्कर यांचं घराणं कोकणातून गेलेलं. ते वाढले देवघरजवळ आणि लिहीत बंगालीत. १९०४ मध्ये त्यांचं ‘देशेर कथा’ निघालं आणि स्वदेशी चळवळीत ते घराघरांत वाचलं गेलं. बंगालमध्ये शिवाजी उत्सव सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता, आणि त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. ज्यांच्या अंगाईगीतात बर्गी होते त्या लोकांनी शिवाजी महाराजांना आपले म्हणून स्वीकारलं. ही लहान गोष्ट नव्हती. मनाने फार मोठं असल्याशिवाय असं पाऊल टाकता येत नाही.

आपणही बंगालवर प्रेम केलं. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरदबाबू आपल्या घरात आले, पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यांनी ‘वंगचित्रे’ लिहिलं. पण हे प्रेम कलकत्ता आणि शांतिनिकेतन यांच्यातच फिरत राहिलं. कालना, कटवा, दाईंहाट या गावांशी आपला जो सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुखरा संबंध आहे, तिकडे आपण गेलो नाही. कलकत्त्यातल्या बागबाजार भागात मराठा खंदकाच्या नावाची गल्ली आहे. १७४३ च्या सुमारास बर्ग्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी खणायला घेतलेला तो खंदक अपुराच राहिला आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तिथे मराठी पर्यटक छायाचित्र काढून येतात. पण कलकत्त्याला तो खंदक खणता तरी आला. उघड्या मैदानातल्या गावांना तेवढीही सोय नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या शाळांत चौथाईच्या त्या एका वाक्याखाली गंगारामाच्या पळणाऱ्या माणसांची रांग मुलांना वाचायला द्यावी. आठवी-नववीच्या मुलांना ते समजतं. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्या मुलाला त्यांनी केलेला अन्यायही सांगितला, तर तो अभिमान कमी होईल असं मला वाटत नाही. उलट तो शिवाजी महाराजांच्या त्या पत्राच्या योग्यतेचा होईल. आणि विद्यापीठांत मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्या तरुणांनी बंगाली शिकावं. फारसी आणि मोडी आपण शिकतो, तशी ही तिसरी.

दुपारी आमची बोट सुटायची वेळ झाली तेव्हा घाटावर समोरच्या तीरावरून आलेला तराफा रिकामा होत होता. कालन्यात आम्ही काही तास होतो, आणि त्या गावाला आमच्यामुळे टोटोवाल्यांचं भाडं आणि दोन-तीन मिठाईवाल्यांचा थोडा गल्ला याहून जास्त काही मिळालं नाही. बोटींचे थांबे वाढावेत, घाटावर नीट उतरता येईल असा धक्का व्हावा, आणि तो पर्यटकांआधी रोज नदी ओलांडणाऱ्यांच्या उपयोगाला यावा, असं मला वाटतं.

ज्यांना बोटीचा खर्च झेपणार नाही त्यांनी खंत करू नये. हावड्याहून कटव्याकडे जाणाऱ्या लोकल गाड्या आहेत. अंबिका कालना स्थानक सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि दोन तासांच्या आसपास तिथे पोचता येतं. स्थानकाबाहेर टोटो उभे असतात. राजबाडी म्हणून सांगा, आधी लालजीचं देऊळ पाहा आणि मग कृष्णचंद्राचं.